राणीच्या अध्यायाचा मोक

चिठ्ठी उलगडल्यावर प्रानोमने ती दोनदा वाचली, नवऱ्याच्या हातात दिली, परत घेतली, आणि विहाराच्या मंडपात बसलेल्या सगळ्या मंडळींना कुणी विचारलेलं नसताना सांगून टाकलं, "राणीचा! आमच्याकडे राणीचा अध्याय आलाय!"

मेक्लोंग नदीच्या त्या कालव्यावर पावसाळा सरला की बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला विहारात दानशूर राजाची कथा गाऊन होते. तेरा अध्याय, तेरा यजमान घरं, आणि कुठल्या घराला कुठला अध्याय ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मागेल त्याला मागेल ते देणारा राजा शेवटी आपली दोन मुलंसुद्धा एका हावऱ्या म्हाताऱ्याला देऊन टाकतो, आणि रानातून कंदमुळं घेऊन परतलेली राणी मुलांना हाका मारत झाडाझाडाशी फिरते, तो राणीचा अध्याय. त्या अध्यायाला डोळे कोरडे ठेवणारा एकच माणूस कालव्यावर होता. तो पुढे बँकॉकला नोकरीला गेला.

प्रानोमच्या घराच्या नशिबी मात्र वर्षानुवर्षं तो हावरा म्हाताराच येत असे. उतारवयात तरणी बायको करतो आणि तिच्या धाकाने लोकांची मुलं मागायला निघतो, असा तो अध्याय. लोक पोट धरून हसतात. हसण्यात पुण्य नसतं असं नाही, पण गावात त्या घराला ‘म्हाताऱ्याकडचे’ म्हणायची पद्धत पडली होती. प्रानोमच्या नवऱ्याला, थविनला, त्याचं काही वाटत नसे. तो माडावर चढून नीरा उतरवणारा माणूस. दिवसातला बराच वेळ जमिनीवरचं बोलणं त्याला ऐकूच येत नसे. पण प्रानोमच्या आईला, छलेम आजीला, ते लागत असे. "डोळे मिटायच्या आत एकदा राणी आपल्या घरी येऊ दे," असं ती दर वर्षी म्हणायची, आणि दर वर्षी म्हातारा यायचा.

तेव्हा प्रानोमचा आनंद खराच होता. तेवढ्यावर ती थांबली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण आनंदाच्या भरात ती पुढे म्हणाली, "आणि धर्मासनाशेजारी आमच्या आईचा मोक ठेवू. त्या दिवशी तो फुललेला असेल. नुसता पांढरा!"

"झाड आहे गं ते," शेजारची लम्दुआन म्हणाली. तिच्या हातात नुकतीच हावऱ्या म्हाताऱ्याची चिठ्ठी आली होती आणि तिला कुणाचंच भलं बघवत नव्हतं. "तुझं झाड पंचांग बघतं वाटतं?"

"बघतं की! आमचं बघतं."

"सगळ्या सभेने ऐकलंय हं, प्रानोम."

"ऐकू देत. ताई, तुम्हीपण ऐका."

लम्दुआनचं बोलणं वरवर बरोबर असलं तरी मोक तसा खरोखरच पंचांग बघणारा. कुड्याच्या कुळातलं हे झुडूप, बारीक पानांचं, पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचं. फुलं लांब देठांना खाली मान घालून लोंबतात, आणि वास असा की घरातलं भांडण अर्ध्यावर थांबावं. नावातच मोक्ष म्हणून विहारात ते असतंच, आणि ज्याला विहार जवळ हवासा वाटतो त्याच्या अंगणातही असतं. त्याची खुबी एकच: पानं असताना ते आळशासारखं चार फुलं देतं, पण सगळी पानं ओरबाडून काढली की नव्या पालवीबरोबर एकदम फुलून येतं. कालव्यावरचा हिशोब सोपा होता. अमावास्येला ओरबाडा, पौर्णिमेला बघा.

छलेम आजीचा मोक अंगावर ड्रॅगन काढलेल्या जुन्या रांजणात, धक्क्याच्या पायरीजवळ उभा होता. आणि त्याच्याबाबत आजीचा एक दंडक होता. ओरबाडण्याआधी हात जोडून झाडाची क्षमा मागायची, आणि ओरबाडल्यावर त्याविषयी अक्षर बोलायचं नाही. "ज्याचं फूलसुद्धा मान खाली घालून फुलतं," ती म्हणायची, "त्याला उघडं केलं हे काय चार लोकांत सांगायचं? झाड लाजतं." या दंडकामुळे त्या घरात मोकाची पानं कुणी काढली हे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं, आणि आजवर त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

अमावास्येच्या सुमाराला प्रानोमच्या बहिणीची मुलगी राजबुरीला बाळंत झाली. प्रानोम मदतीला निघाली. होडीत बसताना तिने नवऱ्याला डोळ्यांनी मोक दाखवला. थविनने मान हलवली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर यापेक्षा जास्त बोलण्याची गरज नसते, असं दोघांनाही वाटलं.

थविनने अमावास्येच्या पहाटे आंघोळ केली, मोकापुढे गुडघे टेकून क्षमा मागितली आणि शेंड्यापासून बुडापर्यंत एकूण एक पान काढलं. पानं गोळा करून रांजणामागे नीट ढिगाऱ्यात रचली. मग माडावर चढला. काम इतकं स्वच्छ झालं होतं की वरूनसुद्धा त्याने दोनदा वाकून बघितलं.

प्रानोम परतली ती आठवड्याने, तिन्हीसांजेला. धक्क्यावर पाय ठेवल्याबरोबर तिची नजर मोकावर गेली. प्रत्येक फांदीवर हिरवी टिकली, टिकलीत टिकली, सगळं झाड बारीक पानांनी भरलेलं. बहिणीच्या घरी आठवडाभर जागरणं झालेली, उजेड कमी, आणि नवऱ्याविषयी मनात एक मत पक्कं. ‘यांचं आयुष्यभर असंच,’ ती मनात म्हणाली. ‘मोठी पानं काढली आणि बारीक तशीच ठेवली. अर्धवट!’ तिने तिथल्या तिथे झाडाची क्षमा मागितली आणि आठवडाभराची पालवी, तिच्या पोटातल्या दिसतील न दिसतील अशा कळ्यांसकट, चिमटीने वेचून काढली. मग दंडकाप्रमाणे गप्प राहून वर गेली आणि नवऱ्याला जेवायला वाढलं.

सकाळी थविन मोकापुढे बराच वेळ उभा राहिला. काल संध्याकाळी माडावर जाताना झाड हिरवं होतं. आज खराट्यासारखं. अळी म्हणावं तर कुरतडल्याची खूण नाही. बकरी म्हणावं तर कालव्यावर बकरी नाही. उरली लम्दुआन.

पण शेजारणीला ‘तुम्ही आमची पालवी तोडलीत का’ असं विचारण्याची रीत तिथे नाही. थविन कुंपणाशी गेला आणि म्हणाला, "लम्दुआनताई, यंदा पाणी लवकर ओसरलं."

"ओसरलं खरं."

"पपनसं कशी आहेत?"

"गोड आहेत. काय हवंय रे तुला?"

"काही नाही. मोक जरा... म्हणजे आमच्या मोकाची पानं, रात्रीत..."

लम्दुआन कुंपणावरून वाकली. तिने झाड बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तो बदल इतका खरा होता की थविनने तिच्यावरचा संशय जागच्या जागी सोडून दिला.

"एका रात्रीत?" ती हळू आवाजात म्हणाली. "कालच मी हिरवा बघितला. थविन, अरे, याच्यात कोणीतरी राहतं."

"कोण?"

"कोण म्हणजे? झाडात राहणारी असते ती. बाईमाणूस. तुझ्या बायकोने भर सभेत बढाई मारली ना, तिला न विचारता? मग? मला कुणी असं परस्पर कामाला लावलं तर मीसुद्धा पानं झाडून टाकीन."

"मग आता?"

"माफी माग. तीन रंगांचं कापड बांध, उदबत्ती लाव, लाल सरबताची बाटली ठेव. नळी घालून ठेव हं. बाटलीला तोंड लावून का पिणार आहे ती? आणि प्रानोमला सांगू नकोस. राणीचा अध्याय तोंडावर, उगाच धसका घेईल."

थविनला हे पटलं. त्याने कापड बांधलं, उदबत्ती लावली, सरबतात नळी घातली. प्रानोमने कापड बघितलं आणि आईने बांधायला लावलं असेल असं समजून गप्प राहिली. आजीने वरच्या ओसरीतून बघितलं आणि लेकीने बांधलं असेल असं समजून हात जोडले. दंडक पाळण्यात ते घर एकमताचं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रानोम रांजणामागे झाडायला गेली आणि तिला तो ढीग सापडला. सुकलेली, मोठी, जुनी पानं, सगळी एका दिवसाची, नीट रचलेली. ती केरसुणी धरून तशीच खाली बसली. म्हणजे नवऱ्याने वेळेवर, पूर्ण, डोळ्यांत भरेल असं काम केलं होतं, आणि त्यावर तिने स्वतःच्या हाताने... तिने ढीग केळीच्या बुंध्याशी पुरला. त्या दिवशी थविनला जेवायला तळलेला बांगडा मिळाला, मोठा, गाभोळीसकट. दुसऱ्या दिवशीही मिळाला.

"आज काय आहे?" त्याने विचारलं.

"काय असायचंय? नवऱ्याला बांगडा वाढायला मुहूर्त लागतो?"

हिला झाडातल्या बाईचं कळलेलं दिसतं, थविनला वाटलं. मला धीर देते आहे बिचारी. त्याने जाऊन आणखी एक बाटली ठेवली.

आणि तिचा गुण आला. त्याच संध्याकाळी फांद्यांवर पुन्हा हिरव्या टिकल्या दिसू लागल्या. थविन माडावर गुणगुणला. प्रानोमने मनात नवा हिशोब मांडला: पौर्णिमेला सगळं नाही, पण निदान कळ्या तरी, निदान अर्ध्या फांद्या तरी. आजी वरून रोज विचारायची, "काय म्हणतोय गं मोक?" तिचे गुडघे गेलेले. जिना उतरणं तिने मागच्या वर्षीच सोडलेलं.

"येतायत कळ्या, आई."

"बघ हो. भंते प्रयोंग गाणार आहेत. त्यांच्यापुढे रिकामं झाड नको."

दुसऱ्या दिवशी दोघं विहारात मंडप बांधायला गेले. केळीचे खांब, ऊस, नारळांचे घड लावून मंडपाचं रान करायचं असतं. दुपारी परत आले तेव्हा मोकावर पुन्हा एक टिकली नव्हती.

आता थविनने लपवाछपवी सोडली. तो धक्क्यावर झाडापुढे पालथा पडला आणि मोठ्याने म्हणाला, "आई, बाई, जी कोण असशील ती! चूक आमची! बायकोच्या तोंडाला कुलूप नाही, माझ्या हाताला अक्कल नाही! पण म्हातारीवर राग काढू नकोस!"

हे शब्द कालव्यातून होडीवर रश्श्यातल्या शेवया विकत चाललेल्या शेवयावाल्याने ऐकले. एरवी तो त्या धक्क्यावर थांबत नसे, कारण प्रानोम त्याच्या रश्श्याला पाणी म्हणायची. पण रंगीत कापड बांधलेलं निष्पर्ण झाड, पुढे सरबत, आणि एक वयस्क गृहस्थ पालथे पडून झाडाशी बोलतायत, हे बघून कुणीही थांबलं असतं. थविन वर गेल्यावर त्याने होडीतली पावडरची डबी काढली, झाडाच्या बुंध्यावर पावडर चोळली आणि डोळे बारीक करून बघितलं. बुंध्यावर आकडे दिसले. सालीच्या सुरकुत्यांत ज्याला दिसायचे त्याला आकडे दिसतातच. झाडात राहणारी असा आकडा देते असं तिथे मानतात, आणि सरकारी लॉटरीची सोडत दुसऱ्या दिवशी होती.

शेवयावाल्याचे शेवटचे दोन आकडे लागले.

यानंतर जे झालं त्यात कुणाचाच दोष नाही. माणसाला लागलेला आकडा गुप्त ठेवता येत नाही, आणि शेवया विकणाऱ्याला तर मुळीच नाही, कारण त्याचं काम दारोदार थांबण्याचं. सकाळी धक्क्याला चार होड्या होत्या. दुपारी वरच्या रस्त्यावर मोटरसायकली लागल्या. लोक पावडर चोळत, पुटपुटत, मोबाइलवर फोटो काढत आणि निघताना आठवण म्हणून काहीतरी नेत. आणि त्या झाडावर नेण्याजोगं दुसरं होतं काय? डोळा फुटला की खुडला. एका बाईंनी झाडातल्या बाईसाठी जरीची साडीसारखी वस्त्रं आणली आणि रांजणाला नेसवली. लाल सरबताच्या बाटल्या इतक्या झाल्या की धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरेना. मुंग्या मात्र आल्या आणि राहिल्या. लम्दुआनने कुंपणाशी टेबल टाकून उदबत्त्या, पावडर आणि नारळाचं आइस्क्रीम विकायला सुरुवात केली.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, प्रानोमला कळू देऊ नकोस!" थविन काकुळतीला येऊन म्हणाला.

"मी कुठे सांगितलं तिला? मी फक्त आइस्क्रीम विकते. घे, चाखून बघ."

प्रानोम गर्दी हटवायला हातात वल्हं घेऊन उभी राहिली. "चला! निघा! आमचं फुलायचं झाड आहे हे! राणीच्या अध्यायाचं!"

"देवीला राग येईल हं बाई," कुणीतरी म्हणालं.

"देवी नाही यात!"

"मग पानं कुणी काढली?"

दंडक एकीकडे आणि बांगडा दुसरीकडे. प्रानोम वल्हं टेकून वर निघून गेली.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी तिने बाजारातून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या. दोऱ्याने एकेक कळी मोकाच्या फांदीला बांधायची, लांबून कुणाला कळतंय? थविनने तिच्या हातातली टोपली बघितली.

"राणीच्या अध्यायाला खोटी फुलं?"

"मग काय करू? लम्दुआनचं तोंड बघू? आईला काय सांगू?"

"खरं सांग."

"काय खरं?" प्रानोमने चमकून विचारलं.

"म्हणजे... जे खरं असेल ते," थविन म्हणाला आणि त्यानेही नजर वळवली.

कळ्या बांधण्याचा प्रश्न आलाच नाही. झाडाभोवती पहाटेपर्यंत माणसं होती. उजाडल्यावर रांजण विहारात न्यायला थविनने हात लावला तर सगळे एकदम ओरडले, "देवीला एकट्याने नेता?" मग त्यांनीच नेला. ढोल कुठून आला कोण जाणे, झांजा आल्या, एका बाईने वाटेभर नाच केला. हौसे-नवसे-गवसे मिळून अख्खी मिरवणूक निष्पर्ण झुडूप घेऊन विहारात शिरली आणि मंडपात बसून राहिली. विहाराच्या प्रमुखांना वाटलं, यंदा गावात श्रद्धा वाढली. ते म्हणाले तसं, आणि खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

मंडपात चारी बाजूंनी फुलं. लम्दुआनने आपल्या अध्यायासाठी झेंडूचा पर्वत उभा केला होता. कुणाची कमळं, कुणाचं अनंत. आणि धर्मासनाच्या उजव्या अंगाला, यजमानाच्या मानाच्या जागी, छलेम आजीचा मोक: पावडरने पांढराफटक, अंगावर एक पान नाही. वस्त्रं तेवढी प्रानोमने वेळेत सोडवली होती. आजीला खुर्चीत बसवून चौघांनी आणलं. तिने मोकाकडे बघितलं. मग लेकीकडे. मग जावयाकडे. दोघंही धर्मासनाकडे बघत होते.

"पंचांग चुकीचं दाखवलंस वाटतं त्याला," लम्दुआन मागून कुजबुजली.

प्रानोमने आईची खुर्ची उगाचच जरा पुढे सरकवली. यावरूनच तिची अवस्था कळावी.

भंते प्रयोंग पलीकडच्या तीरावरचे. राणीचा अध्याय गावा तर त्यांनी. वयाने आवाज जाड झालेला, पण वरच्या सुरात जाताना नीरेवाला जसा माडावर चढतो तसा, एकेक खाच पकडत चढायचा, आणि वर पोचल्यावर जरा थांबून सगळ्यांना वाट बघायला लावायचा. त्यांनी ताडपत्राची पोथी उघडली, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीलाच आकडे शोधायला आलेली मंडळी गप्प झाली. राणी रानात गेली. फळांनी लवणाऱ्या फांद्या तिला रिकाम्या दिसू लागल्या. डावा डोळा का उजवा डोळा लवला, टोपली खांद्यावरून घसरली. ती धावत झोपडीपाशी आली. नेहमी सामोरी येणारी मुलं आली नाहीत.

इथे भंतेंनी श्वास घ्यायला डोळे उघडले आणि समोर मोक दिसला.

ते थांबले. इतका वेळ थांबले की मागच्या रांगेत कुणाला वाटलं पोथीचं पान हरवलं. मग त्यांनी पोथी मांडीवर ठेवली आणि त्याच चालीत, पण पोथीत नसलेलं गायला लागले. राणी त्या झुडपापाशी आली. सकाळी निघताना ते हिरवं होतं. आता त्याच्या अंगावर एक पान नव्हतं. तिने त्याच्या फांदीवर हात ठेवला आणि विचारलं, बाळा, तुझ्याकडेही कुणी मागायला आलं होतं का? आणि तूही, मागेल त्याला, सगळं देऊन टाकलंस का?

आधी छलेम आजीचा हुंदका आला, आणि त्यामागून सगळ्यांचे. शेवयावाला पंच्यात तोंड खुपसून रडला. मिरवणुकीत नाचलेली बाई रडली. झेंडूच्या पर्वताआडून लम्दुआन रडली, आणि तिच्या रडण्याला आवाज असल्यामुळे ते सगळ्यांना कळलं. आकड्यासाठी आलेल्यांपैकी ज्यांनी आजवर पूर्ण अध्याय कधी ऐकला नव्हता, ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

अध्याय संपला. ‘साधु, साधु, साधु’ झालं. भंतेंनी पाणी प्यायलं आणि माइक जवळ ओढला.

"पन्नास वर्षं मी हा अध्याय गातोय," ते साध्या आवाजात म्हणाले. "प्रत्येक मंडपात लोक राणीपुढे फुलं ठेवतात. जिची मुलं हरवलीत तिला फुलं! आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्या दुःखासारखं झाड ठेवलं. हे झाड रिकामं करणाऱ्याला राणीचं मन कळलं होतं. त्याचं पुण्य फार मोठं. कोण तो? हात वर करा, म्हणजे सगळ्यांना त्याच्या पुण्यात वाटा घेता येईल."

थविनने आधी सासूकडे बघितलं, मग छताकडे, आणि हळूच हात वर केला. त्याच क्षणी शेजारी प्रानोमचा हात वर गेला. दोघांनी एकमेकांच्या हाताकडे बघितलं.

"तू?" थविन म्हणाला.

"तुम्ही अमावास्येला केलंत. मला माहितेय. पालवी आली ती मी काढली. मला वाटलं तुम्ही अर्धवट..."

"म्हणजे झाडात बाई नव्हती?"

"मी होते!"

"मग दुसऱ्यांदा गेली ती?"

"ती मी," छलेम आजी खुर्चीतून म्हणाली. तिचा हात केव्हाचा वर होता. "तुम्ही मंडप बांधायला गेलात तेव्हा. बसत बसत एकेक पायरी उतरले. बघते तर झाडावर पानं! म्हटलं, दोघंही विसरली. दिवस तर टळलेला, पण म्हटलं, उशिरा का होईना. उतरायला तासभर लागला, चढायला दोन. आणि तुम्हाला सांगायचं कसं? दंडक माझाच."

भंते काही बोलणार तोवर मागून शेवयावाल्याचा हात वर गेला. "भंते, दोन कोंब मीपण नेले. पुण्याचं नव्हतं माहीत. पण नेले." मग नाचलेल्या बाईचा. मग मोटरसायकलवाल्यांचे, एकापाठोपाठ एक, "एक डोळा मीही," "फांदीचं टोक आमच्याकडे आहे," "मी नुसतं पावडर चोळताना जरा," असं म्हणत म्हणत हातांची लाट केळीच्या खांबांपर्यंत गेली. झेंडूच्या मागून एक हात वर झाला, तो खाली गेला, आणि पुन्हा वर झाला.

"एक डहाळी," लम्दुआन म्हणाली. "औषधाला. कालच."

भंते प्रयोंगांनी सगळ्या मंडपावरून नजर फिरवली. खाली असलेला हात फक्त त्यांचा स्वतःचा आणि बुद्धमूर्तीचा होता.

"साधु," ते म्हणाले.

"साधु, साधु, साधु," मंडप म्हणाला.

आजी मोकाकडे बघत होती. डोळे अजून ओले होते, पण कपाळावर आठी पडली होती. "भंते," ती म्हणाली, "एवढ्या जणांनी मिळून पुण्य केलं, ते ठीक झालं. पण मग त्या बिचाऱ्याने फुलायचं कधी?"

भंतेंनी विचार केला. "तुम्ही सगळे त्याला विसराल तेव्हा, आजी," ते म्हणाले आणि पुढच्या अध्यायाच्या भंतेंना जागा द्यायला उठले.

मोक विहारातच ठेवला. घरी नेला असता तर बाटल्याही परत आल्या असत्या. त्याला विसरायचं असं गावाने एकमताने ठरवलं आहे, आणि कालव्यावरचा प्रत्येक माणूस रोज सकाळी विहारात जाऊन, बाकीच्यांनी त्याला विसरायला सुरुवात केली की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतो.